हडसन विद्यापीठातली न उघडलेली फाईल

न्यूयॉर्कमध्ये हडसन नावाचं विद्यापीठ नाही. तरीही अमेरिकी पोलिसी मालिका नेमाने पाहणाऱ्याला त्याचं आवार ओळखीचं असतं. १९९० मध्ये सुरू झालेल्या ‘लॉ अँड ऑर्डर’ला आणि तिच्यातून फुटलेल्या मालिकांना विद्यापीठाची गोष्ट हवी असली की त्या पुन्हा पुन्हा या कल्पित विद्यापीठात जातात.

विद्वानांची चुरस आणि वंशभेद या विषयावरचा भाग साधारण एकाच साच्यात घडवलेला असतो. एखाद्या ज्येष्ठ प्राध्यापकाचं किंवा अधिकाऱ्याचं प्रेत सापडतं. विभागात जुनं वैर असतं: रिकाम्या झालेल्या पदावरून, पुरस्कारावरून, नाहीतर अमुक शोध आधी कोणी लावला यावरून. मृताशी चारचौघांत भांडलेला एक कृष्णवर्णीय प्राध्यापक असतो आणि पोलीस आधी त्याच्याच दारात उभे राहतात. भाग अर्धा सरला की कुठली तरी वेळ जुळत नाही, आणि संशय एका मृदुभाषी गोऱ्या सहकाऱ्याकडे वळतो. चौकशीच्या खोलीत डिटेक्टिव्ह त्याच्या विद्वत्तेला डिवचतो. वर्षानुवर्षं गिळलेला द्वेष भडाभडा बाहेर पडतो, कबुली मिळते, बेड्या पडतात. जाहिराती वगळून ४२-४३ मिनिटांत सगळं आटोपतं.

या साच्यात पूर्वग्रह दोनदा दिसतो. एकदा पोलिसांच्या घाईत, एकदा खुन्याच्या तोंडी. दोन्ही वेळा तो कुणा एकाच्या मनात असतो आणि त्या माणसाला बाजूला केलं की विद्यापीठ पूर्ववत स्वच्छ होतं. माझा आक्षेप नेमका इथे आहे. विद्यापीठात वंशभेद चालतो तो मुख्यतः कागदावरून: शिफारसपत्रांतून, समितीच्या अहवालांतून, मतदानाच्या नोंदीतून. आणि गुन्हेगारी मालिका हा दूरचित्रवाणीचा असा एकमेव प्रकार आहे ज्याला कागद वाचायला येतं. फोनच्या नोंदी, बँकेची खाती, जुने अर्ज यांतून माणूस शोधणं हाच त्याचा धंदा. ज्या हत्याराने हा गुन्हा उकलता येईल ते हातात असताना लेखक प्रेताकडे बघत बसतात.

विद्यापीठात खून होत नाहीत असं कोणी म्हणू नये. १ नोव्हेंबर १९९१ रोजी आयोवा विद्यापीठात भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या गांग लू याने पाच जणांना गोळ्या घालून ठार केलं आणि स्वतःलाही संपवलं. प्रबंधाचा पुरस्कार आपल्याला न मिळता लिन्हुआ शान या सहाध्यायाला मिळाला, हा त्याचा सल होता. दोघेही चीनहून आलेले. १२ फेब्रुवारी २०१० रोजी हंट्सव्हिलच्या अलाबामा विद्यापीठात, टेन्युअर म्हणजे कायमपद नाकारलं गेलेल्या अ‍ॅमी बिशप या प्राध्यापिकेने विभागाच्या बैठकीतच पिस्तूल काढलं. भारतात जन्मलेले विभागप्रमुख गोपी पोडिला आणि मारिया रॅगलंड डेव्हिस व एड्रिएल जॉन्सन हे दोन कृष्णवर्णीय प्राध्यापक त्यात गेले. मारणारी गोरी, मेलेले तिघेही गोरे नव्हेत; पण वंशद्वेष हा त्या खुनांचा हेतू म्हणून सिद्ध झालेला नाही. पटकथालेखकाने मात्र तोच हेतू पहिल्यांदा उचलला असता. खऱ्या खुनांत चुरस आणि वंशभेद असे हातात हात घालून क्वचितच येतात. ते एकत्र येतात ते रक्त न सांडता.

रसायनशास्त्रज्ञ पर्सी ज्युलियन यांचं उदाहरण घ्या. १९२३ मध्ये त्यांनी हार्वर्डमधून मास्टर्सची पदवी घेतली. पुढच्या शिक्षणासाठी लागणारी सहायक शिक्षकाची जागा त्यांना मिळाली नाही, कारण गोरे विद्यार्थी कृष्णवर्णीयाकडून शिकून घेणार नाहीत अशी धास्ती होती. डॉक्टरेट त्यांना व्हिएन्नात जाऊन करावी लागली, १९३१ मध्ये. मग इंडियानातल्या डीपॉ या छोट्या महाविद्यालयात, व्हिएन्नातला सहकारी जोसेफ पिकल याला बरोबर घेऊन, ते फायसोस्टिग्मिनच्या मागे लागले. कॅलाबार नावाच्या आफ्रिकी शेंगबियांतून मिळणारं हे द्रव्य काचबिंदूवर वापरलं जाई आणि ते प्रयोगशाळेत मुळापासून बनवायचं होतं. त्याच वेळी ऑक्सफर्डला रॉबर्ट रॉबिन्सन याच कामावर होते. सेंद्रिय रसायनशास्त्रातला त्या काळचा सर्वात दबदबा असलेला माणूस. पुढे १९४७ चं नोबेलही त्यांना मिळालं. शेवटच्या टप्प्याच्या अलीकडचा पदार्थ, एसरेथोल, आपण तयार केला असं रॉबिन्सन यांच्या गटाने छापलं. ज्युलियन यांच्या हाती आलेल्या एसरेथोलचे गुणधर्म त्याच्याशी जुळेनात. म्हणजे दोघांपैकी एक चुकलेला.

टेन्युअर नाही, नावामागे मोठं विद्यापीठ नाही, वर कातडीचा रंग असा. अशा माणसाने अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून सांगितलं की चूक रॉबिन्सन यांची आहे. मग आपण बनवलेले आणि नैसर्गिक द्रव्यापासून मिळवलेले स्फटिक ताडून पाहिले. द्रवणांक जुळला. १९३५ मध्ये फायसोस्टिग्मिनचं संपूर्ण संश्लेषण ज्युलियन आणि पिकल यांच्या नावावर लागलं.

चुरस त्यांनी जिंकली. प्राध्यापकपद तरीही मिळालं नाही. डीपॉने वर्णामुळे ते नाकारलं. विस्कॉन्सिनमधल्या अ‍ॅपलटनच्या कागदसंशोधन संस्थेला ते हवे होते, पण त्या गावात कृष्णवर्णीय माणसाला रात्री मुक्काम करायला बंदी होती. अखेर १९३६ मध्ये ग्लिडन या रंग बनवणाऱ्या कंपनीने त्यांना घेतलं. सोयाबीनपासून संप्रेरकं बनवण्याचं त्यांचं मोठं काम त्यामुळे विद्यापीठाबाहेर झालं. पुढे शिकागोजवळच्या ओक पार्कमध्ये त्यांनी घर घेतलं. १९५० मध्ये त्या घराला आग लावण्यात आली, १९५१ मध्ये त्यावर डायनामाइट फेकण्यात आलं.

मालिकेचा लेखक या आयुष्यातून डायनामाइट उचलेल, ते मी समजू शकतो. पण प्राध्यापक ज्युलियन यांना संपवलं ते त्याआधीच. टेबलाभोवती बसलेल्या सभ्य माणसांनी, आवाज न चढवता.

हे टेबल आजही आहे आणि त्यावर काय ठेवलं जातं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. अमेरिकेत सहायक प्राध्यापक म्हणून रुजू झालेल्या माणसाचं भवितव्य साधारण सहाव्या वर्षी ठरतं. उमेदवारीचा काळ सात वर्षांपेक्षा लांबू नये, हे तिथल्या प्राध्यापक संघटनेने १९४० च्या निवेदनात मान्य करून घेतलं आहे. टेन्युअर मिळालं तर नोकरी जवळजवळ कायमची. नाही मिळालं तर एक शेवटचं वर्ष आणि बाहेर. फाईलमध्ये प्रकाशनं, अध्यापनाची नोंद, विद्यार्थ्यांचे अभिप्राय, समित्यांवरचं काम असतं. पण तिचा कणा म्हणजे बाहेरच्या विद्यापीठांतल्या तज्ज्ञांची पत्रं. बहुधा सहा ते दहा. काही नावं उमेदवार सुचवतो, उरलेली विभाग निवडतो. त्यानंतर विभागाचं गुप्त मतदान, विभागप्रमुखाचं पत्र, महाविद्यालयाची समिती, डीन, प्रोव्होस्ट म्हणजे विद्यापीठाचा मुख्य शैक्षणिक अधिकारी, आणि शेवटी विश्वस्त मंडळ.

यातल्या प्रत्येक सांध्यात हात घालायला जागा आहे, आणि कोणालाही खोटं बोलावं लागत नाही. पत्रं कोणाकडून मागवायची हे ठरवतानाच अर्धा निकाल ठरू शकतो; उमेदवाराच्या पद्धतीवर ज्यांचा विश्वास नाही असे दोन जण यादीत घातले की पुरे. पत्र मागताना तुलनेसाठी कोणती नावं दिली, तेही महत्त्वाचं. एकाची तुलना आपल्या पिढीतल्या चांगल्या लोकांशी, दुसऱ्याची थेट त्या क्षेत्रातल्या पहिल्या तिघांशी. पत्रात एकाला ‘प्रतिभावान’ म्हटलेलं असतं, दुसऱ्याला ‘कष्टाळू’. कौतुक दोघांचंही, पण समिती दुसरा शब्द कसा वाचते ते त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. शिवाय विभागात कृष्णवर्णीय प्राध्यापक एकच असेल तर वैविध्याच्या प्रत्येक समितीवर तोच, अडलेला प्रत्येक कृष्णवर्णीय विद्यार्थी त्याच्याच दारात. ते तास संशोधनातून वजा होतात आणि सहाव्या वर्षी लेख दोन कमी का, असं त्यालाच विचारलं जातं. शेवटच्या टप्प्यावर काम देखील चांगलं ठरलं तर एक शब्द उरतो: ‘फिट’. माणूस चांगला आहे, पण आमच्या विभागात बसत नाही.

विश्वस्त मंडळ तर कधी मतदानच करत नाही. २०२१ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात कृष्णवर्णीय पत्रकार निकोल हॅना-जोन्स यांच्या टेन्युअरला प्राध्यापकांची मान्यता होती. वर विषय अडकला आणि त्यांच्यापुढे पाच वर्षांचा करार ठेवण्यात आला. देशभर गदारोळ झाल्यावर ३० जूनला मंडळाने ९ विरुद्ध ४ मतांनी टेन्युअर दिलं. त्यांनी ते नाकारलं आणि त्या हॉवर्ड विद्यापीठात गेल्या. इथे नकाराचं पत्रसुद्धा नव्हतं, विषय नुसता पुढे ढकलला गेला होता.

पोलिसी मालिकांचं मानसशास्त्र असं की द्वेष रागाच्या भरात उफाळतो. संशोधन उलट दिशेला बोट दाखवतं. कॅथरीन मिल्कमन, मोदुपे अकिनोला आणि डॉली चुग यांनी अमेरिकेतल्या २५९ विद्यापीठांतल्या ६,५०० हून अधिक प्राध्यापकांना काल्पनिक विद्यार्थ्यांच्या नावाने ईमेल पाठवले. मजकूर तोच: डॉक्टरेट करायची आहे, दहा मिनिटं भेटाल का? फक्त नावं गोरी, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, भारतीय आणि चिनी, पुरुषांची आणि स्त्रियांची. भेट आजच मागितली होती तिथे फरक जवळजवळ दिसला नाही. पुढच्या आठवड्यातली मागितली होती तिथे गोऱ्या पुरुषांना इतरांपेक्षा २६ टक्के अधिक वेळा होकार मिळाला. आज वेळ आहे का, एवढाच प्रश्न असला की माणूस घड्याळाकडे बघतो. सवडीने ठरवायचं असलं की तो समोरच्याच्या योग्यतेचा विचार करू लागतो, आणि पूर्वग्रह त्या सवडीत शिरतो. टेन्युअरची प्रक्रिया जवळपास वर्षभर चालते. सवडीचं यापेक्षा मोठं यंत्र विद्यापीठात दुसरं नाही.

दुसरी गोष्ट विषयाची. अमेरिकी राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या अनुदानांवर डोना गिंथर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अभ्यास छापला. शिक्षण, अनुभव, प्रकाशनं हे सगळं हिशेबात धरूनही कृष्णवर्णीय अर्जदारांना अनुदान मिळण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा सुमारे १० टक्क्यांच्या अंतराने कमी होतं. २०१९ मधल्या पुढच्या विश्लेषणात दिसलं की या तफावतीचा २० टक्क्यांहून अधिक भाग संशोधनाच्या विषयावरून येतो. समाजाच्या पातळीवरचे आरोग्याचे प्रश्न कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ अधिक निवडत होते आणि त्या विषयांना एकूणच कमी गुण पडत होते. माणसाला नकार द्यायची गरजच उरत नाही, विषय नाकारला की काम होतं.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हार्टन स्कूल या व्यवस्थापन महाविद्यालयातल्या रोझली टंग यांच्या खटल्यात हेच सापडतं. १९८५ मध्ये त्यांना टेन्युअर नाकारलं गेलं. वंश, लिंग आणि राष्ट्रीय मूळ यांवरून आपल्याला डावललं, आणि विभागप्रमुखाच्या लैंगिक वर्तनाला विरोध केल्यावर त्याने प्रतिकूल पत्र लिहिलं, असा त्यांचा आरोप होता. आपल्याइतकीच किंवा आपल्याहून कमी पात्रता असलेल्या पाच पुरुष सहकाऱ्यांना अधिक अनुकूल वागणूक मिळाली, असंही त्यांनी म्हटलं. नकाराचं कारण आधी सांगितलंच गेलं नाही. मग कानावर आलं ते असं: चीनविषयक संशोधनात व्हार्टनला रस नाही. ही निव्वळ सबब आहे, त्यांना चिनी वंशाची बाई नको आहे, असं टंग यांचं म्हणणं.

नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी पाहणाऱ्या अमेरिकेच्या समान रोजगार संधी आयोगाने त्यांची फाईल मागवली आणि त्या पाच पुरुषांच्याही. विद्यापीठाने गोपनीय पत्रं द्यायला नकार दिला. शैक्षणिक स्वातंत्र्य धोक्यात येईल, पत्रं उघड होणार असतील तर कोणी खरं लिहिणार नाही, असा युक्तिवाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ९ जानेवारी १९९० रोजी न्यायालयाने एकमताने तो फेटाळला. भेदभावाचा पुरावा असेलच तर तो बहुतेक याच फायलींत असणार, म्हणून त्या दाखवाव्या लागतील. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातल्या नोकरीविषयक तरतुदींतून शिक्षणसंस्थांना मिळालेली सूट काँग्रेसने म्हणजे अमेरिकी संसदेने १९७२ मध्येच काढली होती, याकडेही न्यायालयाने लक्ष वेधलं. टंग पुढे कॅनडात सायमन फ्रेझर विद्यापीठात गेल्या आणि आंतरराष्ट्रीय व्यवस्थापनाच्या अभ्यासात नावाजल्या.

ज्या वर्षी हा निकाल लागला त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये ‘लॉ अँड ऑर्डर’ पडद्यावर आली. तिचा सांगाडाच असा की पहिला अर्धा भाग पोलिसांचा, दुसरा सरकारी वकिलांचा. समन्स, आक्षेप, न्यायाधीशांपुढची झटापट हे सगळं दुसऱ्या अर्ध्यात. टंग यांचा खटला दिवाणी होता आणि मालिकेतले वकील फौजदारी, ही अडचण खरी. पण पोलीस फाईल मागतात आणि विद्यापीठ देत नाही, एवढं तर कुठल्याही खुनाच्या तपासात बसतं.

असा भाग कंटाळवाणा होईल, कागदपत्रं कोण बघणार, असं निर्माते म्हणतील. मला ते पटत नाही. टेबलावर सहा फायली ठेवल्या आहेत, एका बाईची आणि पाच पुरुषांची. प्रत्येकीत त्याच क्रमाने तेच कागद. डिटेक्टिव्ह एकेक कागद शेजारी शेजारी लावत जातो आणि तोच दोष एका फाईलमध्ये ‘सुधारण्यासारखा’ आणि दुसरीत ‘चिंताजनक’ म्हणून लिहिलेला दिसतो. या प्रसंगाला पिस्तुलाची गरज नाही. भेदभावाच्या कायद्याची रचनाही रहस्यकथेसारखीच आहे. १९७३ च्या मॅक्डोनेल डग्लस खटल्यापासून ती तीन पायऱ्यांची आहे. तक्रारदाराने आधी दाखवायचं की मी पात्र होतो, तरी मला नाकारलं. मग नाकारणाऱ्याने भेदभावाशी संबंध नसलेलं कारण द्यायचं. मग तक्रारदाराने सिद्ध करायचं की ते कारण म्हणजे सबब आहे. पोलिसी मालिका हेतू शोधते, हा कायदा सबब शोधतो. मनात डोकावण्यापेक्षा सबब पकडणं सोपं, कारण ती बदलत राहते: मार्चमध्ये अध्यापन कमी पडलेलं असतं, मेमध्ये विषय अरुंद ठरतो, सप्टेंबरमध्ये विभागाची दिशा बदललेली असते.

गंभीर आक्षेप वेगळा आहे. पत्रं उघडी पडली तर लिहिणारे गुळमुळीत लिहितील आणि नालायक माणसंही आत शिरतील. हा धोका खोटा नाही. आजही बरीच पत्रं इतकी गोड असतात की समितीला ओळींच्या मधलं वाचावं लागतं. पण गोपनीयता लिहिणाऱ्याचं नाव झाकण्यासाठी असेल तर नाव झाकता येतं. कारण झाकण्यासाठी गोपनीयता मागणं ही वेगळीच मागणी झाली, तिला शैक्षणिक स्वातंत्र्य म्हणता येत नाही.

मराठी वाचकाचा या विषयाशी संबंध दोन्ही बाजूंनी येतो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ पासून तीन वर्षं शिकलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, तेव्हा सहकारी प्राध्यापकांनी सामायिक भांड्यातलं पाणी पिण्याला आक्षेप घेतला. आपण भारतीय अमेरिकेत ईमेलमधल्या नावावरून मागे टाकले जातो, आणि तिथेच आडनावावरून दुसऱ्याला मागेही टाकतो. म्हणून ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये आणि कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ च्या जानेवारीत आपल्या भेदभावविरोधी धोरणात जात हा शब्द घातला. कॅलिफोर्निया राज्याचं तशाच आशयाचं विधेयक मात्र गव्हर्नरांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये नामंजूर केलं. जातीवर संशोधन करणाऱ्याला ‘हे संशोधन नाही, चळवळ आहे’ असं म्हणणं आणि व्हार्टनला चीनमध्ये रस नसणं, ही एकाच जातीची वाक्यं आहेत.

आणि या गुन्ह्यात घड्याळही आहे, ज्याच्याकडे पटकथालेखकांनी बघायला हवं. समान रोजगार संधी आयोगाकडे तक्रार करायची मुदत १८० दिवस, बऱ्याच राज्यांत ३००. ती मोजायला सुरुवात होते नकार कळल्याच्या दिवसापासून. शेवटचं वर्ष संपल्यावर बघू, विद्यापीठाच्या तक्रार समितीचा निकाल येऊ दे, असं म्हणत थांबणारे यातच हरतात. वार्षिक मूल्यांकनाची पत्रं, समित्यांवर घातलेल्या तासांची नोंद, नकाराचं दर वेळी बदललेलं कारण कोणी, कधी, कोणत्या शब्दांत सांगितलं, हे सगळं तारखेसह स्वतःजवळ पहिल्या वर्षापासून ठेवावं लागतं. विद्यापीठाच्या ईमेलखात्यात राहिलेली पत्रं नोकरीबरोबर जातात.

कोलंबस रिक्स हे लायबेरियाहून आलेले कृष्णवर्णीय प्राध्यापक डेलावेअर स्टेट कॉलेजात शिकवत. संस्था स्वतः प्रामुख्याने कृष्णवर्णीयांची. आपल्याला परदेशी मूळामुळे टेन्युअर नाकारलं, अशी त्यांची तक्रार होती. नकार आणि शेवटच्या वर्षाचा करार त्यांना जून १९७४ मध्ये कळवण्यात आला. त्यांनी संस्थेकडे मागितलेली दाद नंतर फेटाळली गेली, आणि १९७५ च्या एप्रिलमध्ये, अजून नोकरीत असतानाच, त्यांनी आयोगाकडे धाव घेतली. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की मुदत जून १९७४ पासूनच मोजायची होती आणि तक्रार उशिरा आली. भेदभाव झाला होता की नव्हता, हे कोणत्याही न्यायालयाने तपासलंच नाही.